‘ऱ्हायझोपोडा’ : एका संज्ञेचा अर्थ, इतिहास आणि सीमाभागातील वापर

ऱ्हायझोपोडा ही प्राणिशास्त्रातील एक जुनी संज्ञा असून, अमीबा आणि अमीबाप्रमाणे शरीराचा आकार बदलत सरकणारे अन्य एकपेशीय जीव यांचा निर्देश करण्यासाठी ती १८३५ पासून वापरात आहे. ग्रीक भाषेतील ‘मूळ’ आणि ‘पाय’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ती घडली असल्यामुळे ‘मुळांसारखे पाय असणारे’ असा तिचा शब्दशः अर्थ होतो, आणि त्या अर्थाशी जुळणारा मूलपाद हा शब्द मराठीत सहज सिद्ध होतो. सार्कोडिना, अमीबोझोआ आणि अमीबॉइड या तीन संज्ञा तिच्याच आसपास वावरतात. त्या एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जात असल्या तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील मराठी विद्यार्थ्याला या संज्ञा कधी मराठी माध्यमाच्या शालेय पुस्तकातून, कधी शेजारच्या वर्गातील कन्नड पुस्तकातून, कधी महाविद्यालयातील इंग्रजी ग्रंथांतून आणि कधी दवाखान्यातील तपासणीच्या अहवालातून भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांची व्याप्ती थोडी वेगळी असते. ही व्याप्ती नेमकी कोणती, ती काळानुसार का बदलली आणि आजच्या मराठी लेखनात या संज्ञा कशा वापराव्यात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ज्या जीवांविषयी हे सर्व विवेचन करावयाचे आहे, त्यांचे स्वरूप आधी ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमीबा हा एकाच पेशीचा बनलेला जीव असून त्याला तोंड, पाय, पोट असे कायमचे अवयव नसतात. शरीराच्या कोणत्याही भागातून पेशीद्रव्य पुढे ढकलले जाते, त्यामुळे बोटासारखा एक फुगवटा तयार होतो आणि उरलेले शरीर त्या फुगवट्यात ओतले जाऊन जीव पुढे सरकतो. या तात्पुरत्या फुगवट्याला छद्मपाद म्हणतात. याच छद्मपादांनी तो जिवाणू आणि शैवालांचे कण वेढून शरीरात घेतो, आणि ते ज्या द्रवाने भरलेल्या पोकळीत पचतात तिला अन्नरिक्तिका असे नाव आहे. गोड्या पाण्यातील अमीबाच्या शरीरात बाहेरचे पाणी सतत शिरत असल्यामुळे ते गोळा करून बाहेर टाकणारी दुसरी एक पोकळी असते, तिला संकोची रिक्तिका म्हणतात. पाठ्यपुस्तकांतील चित्रांमुळे परिचित झालेला अमीबा प्रोटियस हा या जीवांमध्ये बराच मोठा असून त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही थोडी अधिक भरते, म्हणजे चांगल्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसू शकतो; माणसाच्या आतड्यातील एंटामीबा मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असतो.

छद्मपाद सर्वत्र एकाच प्रकारचे नसतात, आणि पुढील सर्व वादाचे मूळ या गोष्टीत आहे. काही जीवांचे छद्मपाद जाड आणि बोथट असतात, काहींचे दोऱ्यासारखे बारीक असतात, काहींमध्ये ते दोरे एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते, तर काहींमध्ये सूक्ष्म नलिकांचा ताठ कणा असलेले किरण शरीराच्या गोलातून चहूबाजूंना बाहेर पडतात. समुद्रात राहणाऱ्या, चुन्याचे कवच बांधणाऱ्या फोरॅमिनिफेरा या जीवांचे छद्मपाद जाळीदार असतात. फेलिक्स दुजार्दँ या फ्रेंच अभ्यासकाने १८३५ मध्ये ऱ्हायझोपोडा हे नाव योजले, ते अशाच जीवांकडे पाहून. कारण कवचाच्या बाहेर पसरणारे ते धागे मुळांसारखे दिसतात. त्यापूर्वी आल्सिद दॉर्बिन्यी याने १८२६ मध्ये या कवचांचे वर्गीकरण करताना ती माखली आणि नॉटिलस यांच्या कुळातील चिमुकल्या प्राण्यांची शंखकवचे मानली होती. दुजार्दँने जिवंत नमुने पाहिले आणि कवचाच्या आत कोणतेही अवयव नाहीत, केवळ एक चिकट, पारदर्शक, आपोआप हलणारा पदार्थ आहे, हे दाखवून दिले. त्या पदार्थाला त्याने मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सार्कोड असे नाव दिले. पुढे जीवद्रव्य ही कल्पना रूढ झाली तिची ही पूर्वपीठिका होय, आणि सार्कोडिना हे वर्गनामही याच शब्दातून निघाले.

अमीबा हे नाव मात्र याहून जुने आहे. न्यूरेंबर्ग येथील चित्रकार आणि कीटकांचा अभ्यासक रोझेल फोन रोझेनहोफ याने १७५५ मध्ये या जीवाचे पहिले वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केले आणि त्याला ‘लहान प्रोटियस’ म्हटले. प्रोटियस हा ग्रीक पुराणातील, हवे ते रूप घेणारा सागरदेव. १८२२ मध्ये बोरी द सँ-व्हँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला अमिबा हे प्रजातिनाम दिले, आणि एरेनबेर्ख या जर्मन अभ्यासकाने १८३० मध्ये त्याचे आजचे रूप रूढ केले. म्हणजे अमीबा हे नाव आकाराच्या अस्थिरतेवरून, ऱ्हायझोपोडा हे पायांच्या दिसण्यावरून आणि सार्कोडिना हे शरीराच्या द्रव्यावरून पडले. या तिन्हींपैकी एकही नाव त्या जीवांच्या परस्पर नात्याविषयी काही सांगत नाही, ही गोष्ट त्या काळी कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. कारण डार्विनचा ग्रंथ निघायला १८५९ साल उजाडायचे होते.

मराठी वाचकाला या इतिहासातील सर्वांत जवळचा भाग मुंबईत घडला, आणि तो मराठीत पुरेसा नोंदला गेलेला नाही. हेन्री जॉन कार्टर हा शल्यचिकित्सक १८४२ च्या सुमारास मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत आला आणि १८६२ पर्यंत मुख्यतः मुंबईत राहिला. मधल्या काळात पॅलिन्युरस या सर्वेक्षण जहाजावर त्याने अरबस्तानच्या किनाऱ्याचा प्रवासही केला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो सचिव होता आणि १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. नळाचे पाणी येण्यापूर्वी मुंबई बेटावर जे तलाव आणि डबकी होती, त्यांतील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांवरील त्याची टिपणे १८५६ मध्ये लंडनच्या निसर्गेतिहासविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि स्वदेशी परतल्यावर १८६४ मध्ये त्याने इंग्लंड आणि भारत येथील गोड्या पाण्यातील ऱ्हायझोपोडांवर स्वतंत्र लेख लिहिला. बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यातच होते; त्यामुळे या संज्ञेचा पश्चिम भारतातील आरंभीचा गंभीर वापर सीमाभागाच्याही वैज्ञानिक वारशाचा भाग मानावयास हरकत नाही.

कार्टरच्या कामातील एक निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. तलावांतील दगडांवर आणि बुडालेल्या काटक्यांवर वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील स्पंजांचा अभ्यास करताना, स्पंजाच्या शरीरापासून सुट्या झालेल्या पेशी अमीबाप्रमाणेच आकार बदलत सरकतात, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ते बारकाईने वर्णिले. स्पंज हा अनेक पेशींचा प्राणी असून त्याचे स्थान अमीबापासून वेगळे आहे, हे आज शाळेतही शिकवले जाते. तरीही त्याची पेशी अमीबासारखी वागते. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशीही तशाच वागतात, आणि एली मेचनिकॉफ याने १८८२ पासून पेशीभक्षणाचा जो सिद्धान्त मांडला आणि ज्यासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा पाया पेशींचे हे अमीबासारखे वागणेच होते. अमीबासारखे असणे ही एक रीत आहे, ती अनेक जीवांना आणि अनेक पेशींना साधते, हे सूत्र मुंबईच्या तलावांतील त्या निरीक्षणांत बीजरूपाने होते, परंतु त्याचा वर्गीकरणाशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. येथेच हेही नोंदवणे योग्य ठरेल की, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारा आणि ग्रे याच्या शरीररचनाशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर ही वेगळी व्यक्ती होय. दोघे समकालीन आणि दोघेही मुंबईतले वैद्यक असल्यामुळे त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या जीवांना प्रोटोझोआ, म्हणजे आदिजीव, या मोठ्या समूहात बसवण्यात आले. ओटो ब्यूचली या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात आदिजीवांचे चार गट केले. छद्मपादांनी सरकणारे ते सार्कोडिना, चाबकाच्या दोरीसारख्या कशाभिकेने पोहणारे ते मॅस्टिगोफोरा, बीजाणूंनी पसरणारे परजीवी ते स्पोरोझोआ आणि केसांसारख्या पक्ष्माभिकांनी हालणारे ते इन्फ्युझोरिया, अशी ही मांडणी होती. ती इतकी सुटसुटीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पडताळून पाहण्यास इतकी सोपी होती की, पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरचे विद्यार्थी तीच शिकले. भारतातील महाविद्यालयांत कोटपाल यांच्या अथवा जॉर्डन आणि वर्मा यांच्या ग्रंथांवरून प्राणिशास्त्र शिकलेल्या पिढ्यांनाही अमीबाचे वर्गीकरण पाठ होते ते याच चौकटीतले. काही ग्रंथांत सार्कोडिना हा मोठा गट आणि ऱ्हायझोपोडा हा त्याचा पोटगट असे, काहींत दोन्ही नावे समानार्थी मानली जात, आणि परोपजीवीशास्त्राच्या वैद्यकीय ग्रंथांत बहुधा ऱ्हायझोपोडा हेच नाव वर्गाचे म्हणून येई. ही विसंगती लेखकांच्या निष्काळजीपणाची नव्हती. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली जाती, प्रजाती, कुल आणि अधिकुल यांपर्यंतच बंधनकारक असते; त्यावरच्या वर्ग आणि संघ अशा पायऱ्यांवरील नावांना तिचे नियम लागू होत नाहीत, त्यामुळे तेथे जुनी आणि नवी नावे शेजारी शेजारी नांदू शकतात.

या मांडणीला पहिला मोठा तडा गेला तो अशा जीवांमुळे, जे एकाच आयुष्यात दोन गटांत बसत. नेग्लेरिया हा मातीत आणि कोमट पाण्यात राहणारा जीव एरवी अमीबासारखा सरपटतो, परंतु पाण्यातील क्षार कमी झाले की काही तासांत त्याला दोन कशाभिका फुटतात आणि तो पोहू लागतो. सरपटताना सार्कोडिना आणि पोहताना मॅस्टिगोफोरा, अशी त्याची गणना करावी लागली असती. अशा अडचणींमुळे १९६३ मध्ये होनिगबर्ग आणि बॅलमुथ यांनी दोन्ही गट एकत्र करून सार्कोमॅस्टिगोफोरा हे जोडनाव सुचवले, आणि १९८० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ते टिकले. परंतु ही तडजोडही पुढे टिकू शकली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांतील क्रम वाचून नाती ठरवण्याचे तंत्र हाती आले, तेव्हा छद्मपादांनी सरकणारे जीव हे एका पूर्वजाचे वंशज नसून जीवसृष्टीच्या परस्परांपासून दूर असलेल्या अनेक शाखांत विखुरलेले आहेत, हे निर्विवाद झाले.

सीमाभागातील वाचकाला ही गोष्ट आडनावांवरून चटकन समजेल. निपाणी आणि चिकोडी परिसरात पाटील हे आडनाव मराठा, लिंगायत आणि जैन अशा वेगवेगळ्या समाजांत आढळते, कारण ते गावच्या वतनावरून पडलेले नाव आहे; दोन पाटलांचे आडनाव एक असल्याने ते भाऊबंद ठरत नाहीत, आणि त्यांची सोयरीक ठरवताना कोणी तसे मानतही नाही. ऱ्हायझोपोडा हे नाव याच जातीचे आहे. ते जीवाच्या कामाची रीत सांगते, कूळ सांगत नाही.

आज मान्य असलेल्या चित्रात अमीबा प्रोटियस, एंटामीबा, अकँथअमीबा, कवचधारी आर्सेला आणि डिफ्लुजिया, तसेच ओल्या पालापाचोळ्यावर पसरणारे आणि पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ कवकांत मोजत असलेले श्लेष्मकवक, हे सारे अमीबोझोआ या शाखेत येतात. हे नाव माक्स ल्यूए याने १९१३ मध्ये दिले आणि टॉमस कॅव्हलियर-स्मिथ याने १९९० च्या दशकात ते नव्या अर्थाने पुन्हा प्रचारात आणले. फोरॅमिनिफेरा, रेडिओलॅरिया आणि दोऱ्यासारख्या छद्मपादांचे युग्लिफा ही मंडळी ऱ्हायझेरिया या दुसऱ्याच शाखेत गेली. २००२ मध्ये कॅव्हलियर-स्मिथनेच दिलेल्या या नावात मूळ या अर्थाचा तो जुना ग्रीक शब्द टिकून आहे, पण त्या नावाच्या कक्षेत खुद्द अमीबा येत नाही. नेग्लेरियाचे नाते तर या दोन्ही शाखांपेक्षा युग्लीना असलेल्या शाखेशी अधिक जवळचे आहे. सर्वांत थक्क करणारा निष्कर्ष असा की, अमीबोझोआ ही शाखा प्राणी आणि कवके यांच्या समाईक शाखेच्या निकट आहे; म्हणजे पाठ्यपुस्तकातला अमीबा हा नेग्लेरियापेक्षा माणसाला आणि भुईछत्रीला अधिक जवळचा आहे. ज्याला आपण शंभर वर्षे जीवसृष्टीच्या पहिल्या पायरीवर बसवले, तो प्रत्यक्षात आपल्याच बाजूच्या फांदीवर आहे, ही जाणीव विज्ञानाने दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक मानली पाहिजे. सीना अ‍ॅडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वतीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१२ व २०१९ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात सार्कोडिना आणि ऱ्हायझोपोडा या नावांना जुन्या अर्थाने स्थान उरलेले नाही.

मग ज्या संज्ञेला वर्गीकरणात जागा नाही, तिच्यावर पुस्तक कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर दवाखान्यात मिळते. सीमाभागात आव पडणे, मुरडा येणे, रक्ती आव हे शब्द घराघरांत आहेत. शिष्ट मराठीत आमांश आणि कन्नडमध्ये आमशंके हे शब्द त्याच विकाराला लावले जातात. आमांश हा शब्द अमीबावरूनच आला असावा, असा समज शिकलेल्या लोकांतही आढळतो, पण त्यात तथ्य नाही. आम ही न पचलेल्या अन्नरसाविषयीची आयुर्वेदातील प्राचीन कल्पना आहे आणि अमीबाशी तिचे साम्य केवळ उच्चाराचे आहे. या समजामुळे प्रत्येक आव अमीबाचीच, असे गृहीत धरले जाते, आणि शिगेला या जिवाणूमुळे होणारा आमांश, ज्याचे औषध निराळे, तो दुर्लक्षिला जाण्याचा धोका राहतो. सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योदोर ल्योश याने १८७५ मध्ये आमांशाच्या एका रुग्णाच्या विष्ठेत अमीबा पाहिला, आणि फ्रिट्झ शाउडिन याने १९०३ मध्ये त्याला एंटामीबा हिस्टोलिटिका, म्हणजे ऊतकांचा नाश करणारा, हे नाव दिले. कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स याने १९१२ मध्ये एमेटीन हे औषध टोचून या रोगावर परिणामकारक उपचार करता येतो हे दाखवले. यानंतरही एक मोठा घोळ शिल्लक होता. एमिल ब्रम्प्ट याने १९२५ मध्येच असे सुचवले होते की, दिसायला अगदी सारख्या पण निरुपद्रवी अशा दुसऱ्या एका जातीचे हे जीव अनेकांच्या आतड्यात असतात. त्याचे म्हणणे दीर्घकाळ मागे पडले आणि १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी पुराव्यानिशी एंटामीबा डिस्पार ही जाती वेगळी केली, तेव्हा ते मान्य झाले. विष्ठेच्या साध्या तपासणीत या दोघांच्या पुटी, म्हणजे जाड भिंतीत बंद झालेल्या सुप्त अवस्था, एकमेकींपासून ओळखता येत नाहीत. म्हणून अहवालात पुटी दिसल्याची नोंद असली तरी तेवढ्यावरून रुग्णाला रोग आहे असे ठरत नाही, हे डॉक्टर जाणतात, परंतु अहवाल हातात घेतलेल्या घरच्या माणसाला ते समजावून सांगणारे मराठी लेखन फारच थोडे आहे.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ या वर्षांत मेंदूच्या अमीबाजन्य दाहाचे रुग्ण आढळल्यानंतर मराठी वृत्तपत्रांतून ‘मेंदू खाणारा अमीबा’ हे शब्द घरोघरी पोचले, आणि पिण्याच्या पाण्याविषयी भीती पसरली. हा जीव म्हणजे वर उल्लेखिलेला नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे फाउलर आणि कार्टर यांनी १९६५ मध्ये त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाचे प्रथम वर्णन केले. तो पाणी पिण्याने बाधत नाही. उबदार, साचलेले पाणी पोहताना अथवा अन्य कारणाने नाकात शिरले, तरच तो घ्राणमज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि असा संसर्ग अत्यंत विरळा असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. आतड्यातील एंटामीबाची गोष्ट याच्या उलट आहे, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातूनच येतो. पाण्यातील क्लोरीनचे योग्य प्रमाण नेग्लेरियाला पुरेसे असते, पण एंटामीबाच्या पुटी पाणीपुरवठ्यातील नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यासाठी पाणी उकळावे लागते. एकाला जे औषध लागू पडते ते दुसऱ्याला पडत नाही. दोन दूरच्या शाखांतील या जीवांना केवळ सरपटण्याच्या रीतीवरून एकच नाव असल्यामुळे लोकांनी एकाची भीती दुसऱ्याला लावली. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना कोणती काळजी घ्यावी आणि कोणती घेण्याचे कारण नाही, हे नीट सांगायचे तर आधी हे दोन अर्थ वेगळे करावे लागतात.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेची आणखी एक बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि येथील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके कर्नाटकात तयार होऊ लागली, तर पलीकडील कागल, गडहिंग्लज, चंदगड तालुक्यांतील मुले महाराष्ट्राची पुस्तके वाचत राहिली. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, असून ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. बेळगावची महाविद्यालये आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी आणि २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे एकाच निपाणीतील दोन विद्यार्थी दोन राज्यांच्या अभ्यासक्रमांतून एकच अमीबा शिकतात. मराठीत पेशी किंवा कोशिका म्हणतात तिला कन्नडमध्ये जीवकोश म्हणतात. मराठीतला छद्मपाद कन्नडमध्ये मिथ्यापाद होतो. मराठीत जी जाती, ती कन्नडमध्ये प्रभेद. यांपैकी मिथ्यापाद हा शब्द मराठी वाचकालाही लगेच समजतो, कारण दोन्ही भाषांनी संस्कृतच्या भांडारातूनच उचल केली आहे. खरी गफलत होते ती प्रजाती या शब्दाने. मराठी जीवशास्त्रात जाती ही खालची पायरी आणि प्रजाती ही तिच्या वरची पायरी आहे, पण हिंदीत प्रजाति हा शब्द मराठीतल्या जातीच्याच अर्थाने सर्रास येतो, आणि हिंदी वृत्तवाहिन्यांच्या प्रभावामुळे मराठी लेखनातही तो उलटा अर्थ शिरू लागला आहे. एंटामीबा ही प्रजाती, हिस्टोलिटिका आणि डिस्पार या तिच्या दोन जाती, असे म्हणणे हेच मराठीत शुद्ध होय.

देवनागरी लिपीमुळे निर्माण होणारी एक अडचणही सांगितली पाहिजे. रोमन लिपीत अमीबा हे नाव पहिले अक्षर मोठे आणि तिरपे छापले, की ते विशिष्ट प्रजातीचे नाव ठरते, आणि साध्या लहान अक्षरांत छापले, की छद्मपादांनी सरकणाऱ्या कोणत्याही जीवाचा निर्देश करते. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘नेग्लेरिया हा अमीबा आहे’ आणि ‘नेग्लेरिया हा अमीबा नाही’ ही दोन्ही विधाने मराठीत खरी असू शकतात, आणि वाचकाला त्यांचा मेळ घालता येत नाही. या पुस्तकात म्हणून पुढील पद्धत स्वीकारली आहे. नुसता अमीबा हा शब्द कोणत्याही अमीबासारख्या जीवासाठी, म्हणजे सामान्यनाम म्हणून, योजला आहे; प्रजातीचा उल्लेख असेल तेथे अमीबा प्रजाती असे स्पष्ट म्हटले आहे. सरकण्याची रीत सांगायची असेल तेथे अमीबॉइड या अर्थाने अमीबासम हे विशेषण वापरले आहे, आणि ते पांढऱ्या पेशीलाही लागू केले आहे. नाते सांगायचे असेल तेथे अमीबोझोआ, ऱ्हायझेरिया ही शाखांची आंतरराष्ट्रीय नावे जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण त्यांची भाषांतरे केल्यास अर्थापेक्षा गोंधळच वाढतो. ऱ्हायझोपोडा आणि सार्कोडिना ही नावे जुन्या ग्रंथांचा संदर्भ देतानाच आली आहेत. मात्र ती अजिबात विसरून जावीत, असा याचा अर्थ नाही. कार्टरचे लेख, दवाखान्यांतील जुने ग्रंथ आणि गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ज्यांच्यावर संशोधन होत आले आहे त्या फोरॅमिनिफेरांविषयीचे पूर्वीचे साहित्य वाचायचे, तर ही नावे ओळखता आलीच पाहिजेत.

अमीबासम जीवांपैकी फारच थोडे रोगकारक आहेत. खानापूर तालुक्यातील भाताच्या खाचरांतला चिखल, जांबोटी आणि कणकुंबीकडील जांभ्या दगडांवर पावसाळ्यात वाढणारे शेवाळ, मार्कंडेय आणि वेदगंगा यांच्या काठचा गाळ, निपाणी परिसरातील तंबाखूच्या शेतांची काळी माती, ही सर्व या जीवांच्या राहण्याजोगी ठिकाणे आहेत. मातीतील अमीबा जिवाणूंना खातात आणि त्या जिवाणूंच्या शरीरात अडकलेल्या नायट्रोजनचा काही भाग पिकांच्या मुळांना मोकळा करून देतात. शेवाळातील कवचधारी अमीबा वाळूचे कण चिकटवून किंवा सिलिकाचे खवले रचून घरे बांधतात आणि ती घरे गाळात टिकून राहिल्यामुळे जुन्या काळच्या ओलाव्याचा अंदाज बांधण्यास उपयोगी पडतात. मुंबईच्या तलावांवर एका सैनिकी डॉक्टरने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जेवढे लक्ष दिले, तेवढेही या परिसराच्या पाण्यामातीकडे मराठीतून लिहिणाऱ्यांनी दिलेले नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. महाविद्यालयातील साधा सूक्ष्मदर्शक, खाचरातील पाण्याचा थेंब, निरीक्षणाची तारीख, स्थळ आणि चित्र एवढी सामग्री आरंभाला पुरते.

पुढील प्रकरणांत प्रत्येक संज्ञेचा अर्थ, तिचा जुना व नवा वापर आणि तिचे कन्नड व इंग्रजी प्रतिशब्द देवनागरीत दिले आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी वर्गात अमीबा शिकवताना त्याची रीत आणि त्याचे कूळ या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात, आपल्या गावच्या पाण्यात दिसलेल्या जीवांची नोंद स्थळ आणि दिनांकासह ठेवावी, आणि येथे योजलेल्या मराठी संज्ञा वर्गात अडचणीच्या ठरल्या तर त्या दुरुस्त करून वापराव्यात, अशी विनंती आहे.